शंभरपर्यंत म्हणते, पण सात बटणं देता येत नाहीत

पत्र:

मी निवृत्त आहे. नोकरीत जन्मभर जमिनी आणि इमारतींच्या मोजमापाचं काम केलं, त्यामुळे आकडा चुकलेला मला सहन होत नाही. घरात दोन नातवंडं आहेत. धाकटी नात साडेचार वर्षांची. एक ते शंभर न अडखळता म्हणते, आल्यागेल्याला म्हणून दाखवते. पण परवा 'डब्यातली सात बटणं दे' म्हटलं, तर तिने मूठभर काढून माझ्या हातावर ठेवली. मोजायला लावलं तर एका बटणाला दोनदा बोट लावते, एखादं सोडूनच देते. सहा-सहा बटणांच्या दोन सारख्या ओळी मांडल्या आणि एक ओळ जरा पसरली, की 'हिच्यात जास्त' म्हणते. थोरला नातू सात वर्षांचा, दुसरीत आहे. बेरीज-वजाबाकी बरी करतो, पण अजून बोटांवर. पेन्सिल पट्टीवर तीनच्या खुणेपासून अकराच्या खुणेपर्यंत ठेवली, तर लांबी अकरा सेंटिमीटर सांगतो. समजावलं की मान हलवतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. सूनबाई म्हणतात, 'बाबा, वय आहे, आपोआप येईल.' मला वाटतं, लक्ष नाही आणि शिस्त नाही. दोघांत काही कमी तर नाही ना? रोज तासभर घेऊन बसायची माझी तयारी आहे. सुरुवात कशापासून करू?
– एक आजोबा

उत्तर:

आजोबा, सप्रेम नमस्कार.

तुमच्या वर्णनावरून दोघांतही काही कमी आहे असं मला वाटत नाही. उलट त्यांच्या चुका तुम्ही इतक्या नेमक्या टिपल्या आहेत, की दोघं कुठवर पोचली आहेत हे त्या चुकांवरूनच सांगता येतं. सूनबाईंचं 'वय आहे' हे खरं आहे. 'आपोआप येईल' हे मात्र मला पटत नाही. संख्येची समज ठरावीक क्रमाने येते, मधली पायरी गाळून वरची गाठता येत नाही. पण ती वेळेवर येते की रखडते, हे मुलाशी घरात कोण, काय आणि कसं बोलतं यावर पुष्कळ अवलंबून असतं. तिथे तुमची गरज आहे. फक्त रोजचा तास नको. त्याबद्दल पुढे सांगते.

आधी नात.

एक ते शंभर म्हणणं आणि मोजणं ही दोन वेगळी कामं आहेत. गाण्याचा अर्थ कळायच्या कितीतरी आधी मुलांना गाणं पाठ होतं, तसे आकड्यांचे शब्द आधी तोंडात बसतात. दोन-अडीच वर्षांच्या मुलासाठी 'एकदोनतीनचार' हा एक अखंड शब्द असतो. मग त्याचे तुकडे पडतात, पण सुरुवात एकापासूनच करावी लागते. 'पाचाच्या पुढे काय?' असं विचारलं की मूल पुन्हा एकापासून म्हणत पाचापाशी येतं आणि मग सहा सांगतं. त्यानंतर कधीतरी मधूनच कुठूनही पुढे जाता येतं, आणि उलटे आकडे तर सगळ्यात शेवटी. नातीला 'एकापासून नको, सहापासून पुढे म्हण' एवढंच सांगून बघा. शंभरपर्यंत बिनचूक म्हणणारी कितीतरी मुलं इथे अडतात. पुढे बेरीज शिकताना 'सहापासून पुढे' रोज उपयोगी पडतं.

मोजण्यात याहून बरंच काही दडलेलं असतं. रोशेल गेलमन आणि सी. आर. गॅलिस्टेल या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये त्यातली पाच तत्त्वं वेगळी काढून दाखवली. एका वस्तूला एकच शब्द द्यायचा. शब्दांचा क्रम दर वेळी तोच ठेवायचा. शेवटी जो शब्द येतो तीच एकूण संख्या. मोजायला काहीही चालतं, मग ती बटणं असोत, उड्या असोत की टाळ्या. आणि सुरुवात डावीकडून करा, उजवीकडून करा की मधून करा, उत्तर बदलत नाही. तुम्हाआम्हाला हे सगळं एकच वाटतं, कारण ते एकजीव झालेलं असतं. मूल मात्र एकेक धागा वेगळा उचलत असतं. नात एका बटणाला दोनदा बोट लावते तेव्हा तिचा पहिला धागा अजून पक्का झालेला नाही. त्यात बेशिस्त काही नाही. बोट आणि तोंड एका तालात चालवणं, शिवाय कुठली बटणं मोजून झाली हे लक्षात ठेवणं, ही दोन-तीन कामं साडेचाराव्या वर्षी एकदम करायला खूप जड असतात. मोजलेलं बटण बाजूला सरकवायला सांगा, निम्म्या चुका तिथेच जातील. विखुरलेल्यापेक्षा ओळीत मांडलेलं मोजायला सोपं, आणि गोलात मांडलेलंही अवघड, कारण सुरुवात कुठून केली होती हेच हरवतं.

खरी अडचण तिसऱ्या तत्त्वाची आहे. तिने पाच बटणं नीट मोजली की लगेच विचारा, 'मग किती आहेत?' काही मुलं पुन्हा एकापासून मोजायला लागतात. 'पाच' हा शब्द शेवटच्या बटणाचं नाव नसून सगळ्या बटणांबद्दल काहीतरी सांगतो, हे त्यांच्यापर्यंत अजून पोचलेलं नसतं. तुम्ही सात बटणं मागून जे पाहिलंत, त्याच खेळावर कॅरेन विन यांनी १९९० च्या सुमारास केलेला अभ्यास प्रसिद्ध आहे. 'मला एक दे' म्हटल्यावर एकच देणारं मूल 'दोन दे' म्हटल्यावर मूठभर देतं. काही महिन्यांनी त्याला दोन कळतात, पण तीनला पुन्हा मूठभर. मग तीन कळतात, कधी चारही. या सगळ्या काळात तोंडाने ते दहापर्यंत छान म्हणत असतं. आणि तीन-चारच्या पुढे गंमत होते. पाच, सहा, सात असं एकेक शिकावं लागत नाही; मोजण्याने संख्या कळते हे एकदा उमगलं, की जितके शब्द येतात तितक्या संख्या एकदम हाती येतात. लहान मुलांच्या गणितात याहून मोठी घटना मला माहीत नाही. पहिलीतली पहिली बेरीजही तिच्यापुढे लहान वाटते.

वयाचं म्हणाल, तर घरात आकड्यांविषयी बोलणं-चालणं असलेल्या मुलांमध्ये ही उडी बहुधा साडेतीन ते साडेचारच्या दरम्यान दिसते, काहींत त्याच्या पुढे-मागे. बोलिव्हियातल्या त्सिमाने समाजातल्या मुलांवरचा एक अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. ती मुलंही याच क्रमाने गेली, फक्त खूप उशिरा. म्हणजे क्रम सारखा, वेळ वेगळी. नात नेमकी कुठे आहे हे सात मागून कळणार नाही. एक मागा, मग दोन, तीन, चार. जिथे मूठभर येईल त्याच्या मागची संख्या तिला कळते, आणि तिचं पुढचं शिकणं त्याच्या फक्त एक पुढे आहे. तिला तीन कळत असतील तर या महिन्याचं काम चार हे आहे, सात नाही.

मग ती मूठभर का देते? कारण 'सात' म्हणजे पुष्कळ, इतकं तिला माहीत आहे. कमी-जास्तीचा ढोबळ अंदाज तर बोलता येण्याच्या आधीपासून असतो. फेई शू आणि एलिझाबेथ स्पेल्की यांनी २००० मध्ये दाखवलं, की सहा महिन्यांच्या बाळांना आठ ठिपके आणि सोळा ठिपके यांतला फरक कळतो, आठ आणि बारा यांतला कळत नाही. शिवाय एक, दोन, तीन वस्तू न मोजता नुसत्या नजरेने ओळखायची क्षमताही आपल्यात असते. नेमका 'सात' मात्र नजरेत मावत नाही आणि अंदाजाने हाती लागत नाही. त्यासाठी शब्दांची आणि मोजण्याचीच गरज पडते.

आता पसरलेली ओळ. स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी १९४१ मध्ये या विषयावरचं त्यांचं काम प्रसिद्ध केलं, तेव्हापासून हा प्रयोग जगभर केला गेला आहे. मांडणी बदलली तरी संख्या बदलत नाही, हे त्यांच्या मते मुलांना साधारण सहा-सात वर्षांच्या आसपास पक्कं कळतं. तेव्हा तुमच्या नातीचं उत्तर तिच्या वयाचंच आहे. पण या प्रयोगात एक पेच आहे आणि तो तुमच्या कामाचा आहे. १९७४ मध्ये सुझन रोझ आणि मॅरियन ब्लँक यांनी दाखवलं, की ओळ हलवण्याआधी आणि हलवल्यानंतर असा एकच प्रश्न दोनदा विचारण्याऐवजी फक्त शेवटी एकदाच विचारला, तर बरीच जास्त मुलं बरोबर उत्तर देतात. मोठ्या माणसाने तोच प्रश्न पुन्हा विचारला म्हणजे आपलं आधीचं चुकलं असणार, असं मूल समजतं. मार्गारेट डोनाल्डसन आणि जेम्स मॅकगॅरिगल यांनी तर ओळ स्वतः न हलवता एका खट्याळ अस्वलाच्या बाहुलीकडून विस्कटवून घेतली, तेव्हाही पुष्कळ मुलं सावरली. आजोबांनी मुद्दाम ओळ पसरली म्हणजे त्यात काहीतरी असणारच, असं नातीला वाटलं तर तिचं काय चुकलं?

म्हणून तिची परीक्षा घेऊ नका, एकदा विचारून थांबा. उत्तर आलं की 'कसं कळलं?' असं सहज विचारा. ती लांबीकडे बोट दाखवेल. मग 'एका ओळीतलं एक आणि दुसऱ्या ओळीतलं एक, अशा जोड्या लावून बघू या का?' म्हणा. जोड्या लागल्या आणि एकही उरलं नाही, की सांगू नका काही. ते तिला दिसू द्या, आणि दिसलं नाही तर तो दिवस तेवढाच.

रोजचा तास नको म्हणाले, तो याच कारणासाठी. या वयात दहा मिनिटांचा खेळ पुरतो, आणि दिवसभरात विखुरलेली वाक्यं त्याहून जास्त काम करतात. सुझन लेविन आणि एलिझाबेथ गंडरसन यांच्या अभ्यासात दिसलं, की समोर दिसणाऱ्या वस्तू मोजून त्यांची संख्या बोलणं मुलांच्या पुढच्या समजेशी जास्त जोडलेलं असतं; नुसतं आकडे म्हणण्याचा संबंध तितका नसतो. त्यातही चार ते दहा वस्तूंविषयीचं बोलणं विशेष. आधी संख्या सांगा, मग मोजा: 'इथे चार चमचे आहेत. एक, दोन, तीन, चार.' असं केल्याने शब्द आणि पूर्ण गट एकमेकांना चिकटतात. 'जिन्याच्या सहा पायऱ्या झाल्या', 'तुझे दोन मोजे, माझे दोन, म्हणजे चार' अशी वाक्यं तोंडी येऊ द्या. कधीतरी तुम्हीच मुद्दाम चुकीचं मोजा आणि तिला चूक पकडू द्या. स्वतः बिनचूक मोजता येण्याच्या थोडं आधी मुलांना दुसऱ्याची चूक कळते, आणि ती दाखवताना त्यांचे डोळे चमकतात.

एक खेळ मी आवर्जून सुचवीन. कागदाची लांब पट्टी घ्या, तिच्यावर सरळ रेषेत दहा घरं आखा, त्यांत एक ते दहा लिहा. एक किंवा दोन पडेल असा फासा किंवा चकती करा आणि सोंगटी पुढे न्या. रॉबर्ट सीग्लर आणि गीता रामाणी यांनी २००८ मध्ये अशाच पट्टीवर लहान मुलांना दोन आठवड्यांत पंधरा-पंधरा मिनिटांच्या चार बैठका खेळवलं. आकड्यांचा लहान-मोठेपणा आणि रेषेवरची त्यांची जागा या दोन्हींत मुलं स्पष्टपणे सुधारली. आकड्यांऐवजी नुसते रंग असलेल्या पट्टीवर खेळलेली मुलं सुधारली नाहीत. एकच अट पाळा. सोंगटी चारवर असताना दोन पडले तर 'एक, दोन' म्हणत पुढे जायचं नाही, 'पाच, सहा' म्हणत जायचं. सापशिडीत घरं एकदा उजवीकडे आणि एकदा डावीकडे वळत वर जातात, म्हणून सुरुवातीला सरळ पट्टीच बरी.

आता थोरला, आणि इथे तुमचा जन्मभराचा अनुभव कामाला येणार आहे.

बोटांचं पहिलं सांगते: मोजू दे. पाच अधिक तीन करताना मूल आधी पाच बोटं उघडतं, मग तीन, आणि सगळी एकापासून मोजतं. नंतर ते पाच मनात धरून 'सहा, सात, आठ' म्हणतं. त्यानंतर तीन अधिक पाच असं दिलं तरी मोठी संख्या धरून सुरू करतं. मग काही उत्तरं पाठ होतात, आणि पाठ असलेल्यांवरून इतर काढता येतात: पाच अधिक पाच दहा, म्हणून पाच अधिक सहा अकरा. बोटं या वाटेवर आपोआप मागे पडतात. ती ओढून काढली तर मूल बोटं टेबलाखाली नेतं, आणि तो कुठल्या टप्प्यावर आहे हे आपल्याला दिसायचं बंद होतं. तो सगळं एकापासून मोजतो की पुढे मोजतो, एवढंच तुम्ही बघा. अजून एकापासून मोजत असेल, तर पहिली संख्या झाकून ठेवा: 'या डब्यात सहा आहेत, बाहेर दोन, मिळून किती?'

त्याने पंचवीस लिहायला सांगितल्यावर बावन्न लिहिलं तर दचकू नका. आपल्या आकड्यांत पाच आधी ऐकू येतो आणि वीस नंतर, लिहायचं मात्र उलट असतं. आणि अठ्ठावीसनंतर थेट पुढच्या तिसाचा आधार घेणारा एकोणतीस येतो. दहाच्या गटांचा अर्थ त्या शब्दांतून सहज दिसत नाही, म्हणून तो हातांनी दाखवावा लागतो. कॉन्स्टन्स कामी यांनी मुलांना सोळा वस्तू मोजायला लावून, १६ लिहून, त्यातल्या १ चा अर्थ वस्तूंमधून दाखवायला सांगितला. पहिली-दुसरीतल्या पुष्कळ मुलांनी एकच वस्तू उचलली. तुमच्या नातवालाही विचारून बघा. काड्यांच्या दहा-दहाच्या जुड्या बांधून सोडायचं काम त्याला काही दिवस दिलंत, तर वह्या भरण्यापेक्षा अधिक हाती लागेल.

पेन्सिलीच्या प्रश्नाला मुलं तीन तऱ्हेची उत्तरं देतात, आणि प्रत्येक उत्तर वेगळं बोलतं. तुमचा नातू अकरा म्हणाला. म्हणजे पट्टी हे त्याच्यासाठी उत्तर छापलेलं साधन आहे. वस्तूचं टोक जिथे येईल तो आकडा वाचायचा. काही मुलं नऊ सांगतात. ती तीनपासून अकरापर्यंतच्या खुणा मोजतात, त्या नऊच भरतात. ती एक पाऊल पुढे आहेत, कारण काहीतरी मोजावं लागतं हे त्यांना कळलंय, फक्त काय मोजायचं ते चुकलंय. आठ म्हणणाऱ्या मुलाला कळलेलं असतं, की खुणा महत्त्वाच्या नाहीत, दोन खुणांमधली जागा महत्त्वाची. तुम्ही नातवाला 'तीन वजा करायचे' असं समजावलं असणार, आणि तो मान हलवतो कारण वजाबाकी त्याला येते. पण का वजा करायचे हे त्याच्याकडे नसल्यामुळे दुसऱ्या दिवशी ते राहत नाही.

बटणं मोजताना काय मोजायचं हे समोर सुटं सुटं पडलेलं असतं. लांबी सलग असते, तिच्यात मोजण्यासारखं काही दिसतच नाही. एकक कुठून तरी आणून, त्याने ती लांबी कापावी लागते, आणि मग त्या तुकड्यांना मोजण्याचे सगळे नियम लागू होतात. म्हणून मोजमाप संख्येच्या नंतर येतं आणि तिच्यावर उभं राहतं. शाळेत ते वेगळा धडा म्हणून शिकवलं जातं याचं मला वाईट वाटतं, कारण मुलाला तो धागा दिसतच नाही.

या समजेच्याही पायऱ्या आहेत. तीन वर्षांचं मूल 'लांब' हा शब्द वापरतं, पण त्याला तो एखाद्या वस्तूचा स्वभाव वाटतो. ही काठी लांब, बस. मग दोन काठ्या शेजारी ठेवून तुलना येते, आणि त्यात पहिली चूक ही की खालची टोकं जुळवलेली नसतात. पाचाच्या आसपास एक मोठी गोष्ट घडते. शेजारी आणता न येणाऱ्या दोन वस्तूंची तुलना तिसऱ्या वस्तूने करता येते. दोरी टेबलाला लावायची, मग तीच दोरी दाराला लावून टेबल आतून जाईल का ते सांगायचं. नातीबरोबर हा खेळ आत्ताही सुरू करता येईल, त्यात आकडा लागत नाही. त्यानंतर सारख्या काड्या टोकाला टोक लावून मांडता येतात. इथे मुलं मध्ये फटी सोडतात, काड्या एकमेकींवर चढवतात, लहान-मोठ्या काड्या मिसळतात, आणि तरी 'आठ' असं ठामपणे सांगतात. फटी का नकोत, सारख्याच का हव्यात, हे त्यांना अजून पटलेलं नसतं. आणि मग एकच काडी उचलून पुन्हा पुन्हा लावत जाणं. ते अवघड आहे, कारण मागे काही उरत नाही, सगळं लक्षात ठेवावं लागतं. सेंटिमीटरची पट्टी म्हणजे या सगळ्या कामाचा गोठवलेला हिशोब आहे. जे काम मुलाने कधी केलंच नाही, त्याचा हिशोब त्याला कसा वाचता येईल?

म्हणून पट्टी काही दिवस बाजूला ठेवा आणि नातवाला ती करायला लावा. जाड कागदाचे सारखे तुकडे कापा, अंगठ्याएवढे लांब, दोन रंगांचे. लांब पट्टीवर ते एकाआड एक रंगाने चिकटवायचे, फट नको, चढवायचं नाही. मग वस्तू मोजायच्या, तुकडे मोजून. दर वेळी मोजायचा कंटाळा आला की तो स्वतःच आकडे लिहू या म्हणेल. बहुतेक मुलं आकडा तुकड्याच्या मधोमध लिहितात. लिहू द्या. थोड्या दिवसांनी अर्ध्या तुकड्यावर संपणारी वस्तू पुढ्यात ठेवा, म्हणजे आकडा तुकड्याच्या शेवटी का हवा हा प्रश्न त्याच्यासमोर उभा राहील, आणि त्याच्या मागोमाग सुरुवातीला काय लिहायचं हाही. शून्य तिथून येतं. हे सगळं झाल्यावर पट्टीची पहिली तीन घरं कापून टाका आणि म्हणा, 'आता पेन्सिल मोज.' फितेचं टोक झिजलं की दहाच्या खुणेपासून मोजून दहा वजा करायची पद्धत तुम्ही नोकरीत वापरली असेलच. ती नातवाला सांगा, पण पट्टी कापून झाल्यावर, आधी नको.

याच ओघात एकदा दोघांनी खोली पावलांनी मोजा, तुम्ही तुमच्या आणि त्याने त्याच्या. तुमचा आकडा लहान येईल. खोली तर एकच आहे. एकक मोठं तर आकडा लहान, हे सात-आठ वर्षांच्या मुलांना मनापासून विचित्र वाटतं, कारण त्यांच्या डोक्यात मोठं म्हणजे जास्त. त्यावर त्याला बोलू द्या, तुम्ही लगेच उलगडा करू नका. प्रमाणित एकक का लागतं, हे कळायला याहून चांगली वाट नाही.

बाकीच्या मापांबद्दल थोडक्यात. उंच पेल्यात पाणी ओतलं की ते जास्त झालं असं नात म्हणेल, तेही पसरलेल्या ओळीसारखंच. उंची दिसते, रुंदी निसटते. पियाजे यांच्या निरीक्षणात लांबी आणि द्रवाचं प्रमाण मांडणी बदलली तरी तेवढंच राहतं, हे मुलांना साधारण सात-आठच्या आसपास कळतं, वजन नऊ-दहाला, आणि पाण्यात बुडवलेल्या वस्तूने व्यापलेली जागा अकरा-बाराच्या सुमाराला. नंतरच्या संशोधकांना या वयांत बराच फरक दिसला, क्रम मात्र ढोबळमानाने तसाच राहिला. क्षेत्रफळाची घाई तर अजिबात करू नका. आयत सारख्या चौकटींनी भरायला सांगितला तर सात वर्षांची कितीतरी मुलं नुसत्या कडेने चौकटी काढतात आणि मधला भाग मोकळा ठेवतात. ओळी आणि उभे स्तंभ त्यांना अजून दिसत नाहीत. घड्याळ शिकवणंही थांबू शकतं.

तुमच्या पत्रातल्या एका गोष्टीने मात्र मला काळजी वाटली. 'लक्ष नाही, शिस्त नाही' हे तुम्ही मुलांसमोर म्हणत असाल तर ते आजपासून थांबवा. गणिताची भीती पहिली-दुसरीतल्या मुलांतही मोजली गेली आहे, आणि ती भीती मनात आली की उत्तर शोधायला लागणारी जागाच ती व्यापून टाकते. आल्यागेल्यांसमोर शंभर म्हणणं तिला आवडत असेल तर म्हणू द्या, कौतुकही करा. फक्त ते मोजणं आलं असं समजून तिच्याकडून पुढचं मागू नका.

तज्ज्ञांना कधी दाखवायचं हेही सांगून ठेवते. पाच वर्षं उलटून गेल्यावरही नात दोन-तीन वस्तू मागितल्यावर नेमक्या देत नसेल, किंवा आठाव्या वर्षापर्यंतही नातू तीन वस्तू मोजल्याशिवाय ओळखत नसेल, सात आणि चारमध्ये मोठा कोणता यावर अडत असेल, साध्या बेरजाही दर वेळी एकापासून मोजत असेल, तर आधी डोळे आणि कान तपासून घ्या आणि मग बालविकासाच्या किंवा शिकण्यातल्या अडचणींच्या तज्ज्ञाला भेटा. शंभरातल्या साधारण तीन ते सात मुलांना गणित शिकण्याची विशेष अडचण असते, आणि लवकर कळलं तर पुष्कळ मदत करता येते. तुमच्या पत्रात मला त्यातलं काही दिसलं नाही.

या आठवड्यात एवढंच करा. नातीला एक, दोन, तीन, चार अशी बटणं वेगवेगळ्या दिवशी मागा, सहापासून पुढे म्हणायला सांगा, आणि नातवाला सोळातला एक दाखवायला लावा. काय झालं ते दुरुस्त न करता नुसतं लिहून ठेवा आणि मला कळवा. पट्टी करायला घेतलीत तर नातवाने आकडे कुठे लिहिले, तेही लिहा.